पुढच्या हिचवरचं ओझं

सामान सगळं पुढे लादायची अक्कल काइसाची. भीतीपोटी माणसाला जी हुशारी सुचते, त्यातलीच ती.

मार्चमधला शनिवार. टॅमरॅक तलावाच्या बर्फावरची मासेमारीची घरं सोमवारपर्यंत काठावर यायलाच हवीत असा नियम होता, आणि ज्यांना जिवाची पर्वा होती त्यांनी ती आठवड्यापूर्वीच ओढून नेली होती. तेवढ्या मोठ्या पांढऱ्या पसाऱ्यात, काठापासून दीड मैलावर, हिरव्या पत्र्याचं एकच घर उरलं होतं. ते रेइनो कंटोलाचं. खाली चाकं, आत शेगडी, दोन बाकं आणि तळाला गळ सोडायची चार भोकं. रेइनो त्र्याहत्तर वर्षांचा. मासे अजून लागताहेत म्हटल्यावर तो हलतो कसला! "बर्फ अजून दोन फूट आहे," हे त्याचं रोजचं पालुपद. बुधवारी वारा फिरला, दक्षिणेकडून ऊब घेऊन आला, आणि त्या दोन फुटांतला वरचा फूट भिजलेल्या साखरेसारखा भुसभुशीत होऊन बसला. मग म्हाताऱ्याला जाग आली.

काइसा त्याची मुलगी, वय शेहेचाळीस. शाळेची बस चालवायची. बावीस हिवाळे तिनं निसरड्या रस्त्यांवरून लोकांची पोरं सुखरूप घरी पोचवली होती, पण तलावाच्या बर्फाला ती लहानपणापासून भ्यायची. रस्त्यावरच्या बर्फाखाली रस्ता असतो; तलावाच्या बर्फाखाली काय असतं, असा तिचा साधा प्रश्न होता. गावातले लोक त्यावर नुसते हसायचे. 

तरी ती आली होती. रेइनोचा गुडघा गेल्या वर्षीच बदललेला. एकटा गेला असता तर त्यानं गाडीही स्वतःच चालवली असती आणि बर्फही स्वतःच पाहिला असता, म्हणजे दोन्ही धड झालं नसतं. तिचा हिशेब सरळ होता. घर बुडालं तर बुडू दे, बाप मात्र जिवंत काठावर आणायचा.

आता ते पुढचं हिच. ट्रेलर ओढायला हिच, म्हणजे तो अडकवायची लोखंडी जोडणी, असतं ते गाडीच्या मागे. पण हिवाळाभर रेइनोच्या पिकअपच्या मागे घर तरी जोडलेलं असायचं नाहीतर होडी, आणि हौद्यात असायची बर्फावर धावणारी स्नोमोबिल. मग उरलेलं सामान जायचं कुठे? म्हणून त्यानं पुढच्या बंपरखालीही तसंच एक हिच जोडून घेतलं होतं. त्याच्या चौकोनी नळीत लोखंडी जाळीचं कॅरिअर खुपसायचं, आडवी खीळ घालायची, की गाडीच्या नाकापुढे चांगलं तीन फुटांचं फळकूट तयार. त्यावर तो बर्फाला भोकं पाडायचं गिरमिट ठेवायचा आणि गळांची पेटी. गुडघ्याच्या वर कधी काही यायचं नाही. "नाकासमोरचं सामान नाकाच्या खाली असावं," असं तो म्हणायचा.

त्या दिवशी काइसानं घर आतून पार धुऊन काढल्यासारखं रिकामं केलं. घराची चाकं बारकी, ओझं असलं तर तीच आधी खचतील, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हौद्यात बंद पडलेली स्नोमोबिल होतीच, म्हणून गॅसच्या दोन टाक्या, जनरेटर, बॅटऱ्यांचं खोकं, ओतीव लोखंडाची शेगडी, तिचं धुराडं, बाकं, फळ्या, सगळं तिनं पुढच्या कॅरिअरवर रचलं आणि चार पट्टे आवळून बांधलं. ढीग बॉनेटच्या वर दोन हात गेला.

"बाई, हे काय गवताची गाडी भरलीस का?" रेइनो म्हणाला. "पुढे नाक जड होईल. दोन खेपा करू."

"दोन खेपा म्हणजे दोनदा भ्यायचं. मी एकदाच भिणार आहे. काय व्हायचं ते एका खेपेत होऊ दे."

"तुला समोरचं दिसेल का?"

"तू दिसलास म्हणजे झालं."

"बरं बाई. बसवाल्यांपुढे कोण बोलणार?" असं म्हणून त्यानं नारिंगी लोकरीची टोपी कानांवर ओढली, पहार उचलली आणि चालू लागला.

बर्फावरून गाडी न्यायची तर काही गोष्टी पाळायच्याच असतात. खिडक्या उघड्या, सीटचा पट्टा सोडलेला, दार नुसतं लोटलेलं. गाडी बुडाली तर बाहेर पडता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अर्थ काइसाला क्षणभरही विसरता येत नव्हता, कारण पट्टा लावला नाही म्हणून गाडी टिंग टिंग करत होती. वेग चालत्या माणसाचा. जोरात नेली तर बर्फाखालच्या पाण्याला लाट येते आणि ती पुढे जाऊन बर्फ फोडते. थांबायचंही नाही. चालत्या गाडीखाली बर्फ वाकतो आणि परत वर येतो. थांबलेल्या गाडीखाली तो वाकतो आणि वाकतच राहतो.

रेइनो पुढे दहा-बारा हातांवर चालत होता. दर तीन पावलांना पहार खाली आदळायचा आणि कान देऊन आवाज ऐकायचा. घट्ट बर्फ टणटणतो, कुजका बर्फ थपथपतो. ते कान तलावावर त्याच्याइतके कुणाचे नव्हते, म्हणून तर तो पुढे आणि ती गाडीत. खूण ठरली होती: हात वर केला की थांबून लगेच मागे घे. आणि टोपी दिसते तोवर सगळं ठीक.

काइसाला त्याचं बाकी काही दिसत नव्हतंच. खांदे नाहीत, हात नाही, पहार नाही. शेगडीचं धुराडं आणि जनरेटर यांच्या मधल्या फटीत तेवढी नारिंगी टोपी वर-खाली होत होती. हात वर केला तरी तो दिसेल की नाही, हा विचार तिला निघाल्यापासून शंभर हात आल्यावर सुचला.

"बाबा! हात पुरता वर कर हं! अर्धा केलास तर दिसत नाही!"

"पुरताच करतो! शाळेत तुझ्यासारखा अर्धा नव्हतो करत मी!"

"आणि वाकू नकोस! टोपी खाली जाते!"

"टोपी नाही खाली जात, तुझं सामान वर आलंय!"

त्याच्या बोलण्यानं तिला बरं वाटायचं आणि रागही यायचा. खाली बर्फ कण्हत होता. दूर कुठेतरी सुरू व्हायचं, गाडीखालून सरसरत जायचं आणि पलीकडे विरायचं. प्रत्येक वेळी तिचा उजवा पाय आपोआप उचलला जायचा. बर्फावर ठिकठिकाणी पाणी साचलं होतं, त्यात आभाळ दिसत होतं. चाकं पाण्यात शिरली की ती श्वास धरायची, बाहेर आली की सोडायची. स्टीअरिंगवरचे हात घामानं ओले झाले होते. तिनं ते एकेक करून मांडीला पुसले.

काठ जवळ येऊ लागला. ऑर्लिनच्या रिसॉर्टचं लाल छप्पर, पांढरा ध्वजस्तंभ. काठापासून अर्ध्या मैलावर दरवर्षी तलावाला आडवा तडा जायचा. ऑर्लिन त्यावर हिवाळाभर लाकडी पूल टाकून ठेवायचा आणि गाड्यांचे पैसे घ्यायचा. गुरुवारी त्यानं पूल उचलला आणि रेइनोला फोनवर चार शिव्या दिल्या. पण रेइनोनं सकाळी येताना पुलाच्या उत्तरेला एक जागा हेरली होती. तिथे तडा मिटून पुन्हा गोठला होता, आणि सकाळी गाडी त्यावरून आलीही होती. पण सकाळी घर मागे नव्हतं, ढीग पुढे नव्हता, आणि ऊनही नव्हतं.

"आली का जागा?" काइसा ओरडली.

"आलीच! हळू घे!"

"याहून हळू म्हणजे थांबणं!"

"मग थांबल्यासारखी चालव!"

पहारीचे ठोके आता दर पावलाला येऊ लागले. टण. टण. रेइनो सावकाश झाला आणि गाडी मात्र तशीच येत होती, म्हणून टोपी जवळ आली, जवळ आली आणि धुराड्याच्या मागे गेली. काइसा सीटवरून उठून उभी राहिल्यासारखी झाली. टोपी पुन्हा दिसली. टण. मग एक थप असा आवाज आला.

आणि टोपी गेली.

वाकला असेल, तिला वाटलं. वाकून बघत असेल. वर येईल आता. पण टोपी वर आली नाही. एक तर तो पाण्यात गेला होता, नाहीतर पाय घसरून बर्फावर पडला होता आणि तीन टनांची गाडी त्याच्या अंगावर चालली होती. पुढे जावं तर बाप चाकाखाली. थांबावं तर बर्फ खाली. विचार करायला जेवढा वेळ होता तेवढ्यात काहीच विचार होत नसतो. तिनं ब्रेक दाबला.

चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या बर्फावर मागून घरानं रेटा दिला आणि सगळं लटांबर तसंच पुढे घसरत गेलं. काइसा ओरडत होती, काय ते तिला नंतर कधी आठवलं नाही. तीन हात, चार हात. मग थांबलं.

टिंग टिंग टिंग.

"काइसा!" आवाज पुढून, खालून आला.

ती दार ढकलून बाहेर पडली. बॉनेटला धरत धरत पुढे गेली आणि चाकाजवळ गुडघ्यांवर बसली.

पुढच्या चाकांपासून पाच फुटांवर बर्फ संपला होता आणि काळं पाणी होतं. कॅरिअर त्या पाण्यावर सज्ज्यासारखं आलं होतं, वर शेगडी आणि टाक्या आणि सगळा संसार. त्याखाली रेइनो छातीपर्यंत पाण्यात. डोक्यावर टोपी नव्हती; पांढरे केस कपाळाला चिकटलेले. डावा हात बर्फाच्या कडेवर होता, उजवा कॅरिअरच्या खालच्या दांडीकडे गेलेला. तोंड उघडून तो नुसता हवा गिळत होता.

तिनं पालथं पडून त्याचा डावा हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

"बाबा! ये! ये वर! ढकल पायांनी!"

"ओढू नको." शब्दाशब्दाला त्याला दम लागत होता. "ऐक. चाकं बघ."

तिनं मान वळवली. पुढच्या चाकांभोवती पाणी चढत होतं. मघाशी टायर नुसते ओले होते, आता अर्ध्यात होते. ज्या बर्फावर ती पालथी पडली होती तोही कडेकडे कलत होता. पाणी तिच्या कोपराखालून वाहत होतं, अंगाखाली शिरत होतं.

"गाडी येतेय," रेइनो म्हणाला. "माझ्या डोक्यावर येईल. मागे घे."

"आधी तू बाहेर ये!"

"ती इथं उभी आहे तोवर कड पाण्यात आहे. मला चढता येणार नाही. मागे घे."

"तुला सोडून?"

"सोडून कशाला? मी कॅरिअर धरलंय. तू मागे जाशील तसा मीही ओढला जाईन. जा."

उजव्या हाताचा जाडा हातमोजा दांडीवर दिसत होता. पुढचं काही दिसत नव्हतं, मध्ये फळ्या लोंबत होत्या.

"घट्ट धरलंयस?"

"हो."

"नक्की ना बाबा?"

"धरलंय म्हटलं ना! किती बोलतेस! जा!"

काइसानं त्याचा हात सोडला. आयुष्यात तिनं पुष्कळ अवघड गोष्टी केल्या होत्या, नवरा सोडला होता, एका वादळात पोरांनी भरलेली बस तीन तास खड्ड्यात सांभाळली होती. पण हा हात सोडणं त्यांच्या कितीतरी पलीकडचं होतं. बोटं उघडत नव्हती. तिला ती एकेक करून उघडावी लागली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

ती उठली, घसरली, पुन्हा उठली आणि गाडीत चढली. चारही चाकांचा गिअर टाकला, मग रिव्हर्स. आता समोर फक्त ढीग. बाप ढिगाच्या पलीकडे, आणि तिला पाहायचं होतं मागे, आरशात, कारण घर वाकडं गेलं की गाडी अडकली. भीतीनं तिचे दात वाजत होते. पण हात बसवालीचे होते, ते भ्यायले नाहीत. त्यांनी स्टीअरिंग सरळ धरलं.

चाकं नुसतीच फिरली. पाणी उडालं. तिनं पाय सैल केला, पुन्हा हळूच दाबला. पुन्हा फिरली. मग पुढचं एक चाक कुठेतरी रुतलं, चावलं, आणि गाडी एक वीत मागे आली.

"बाबा! धरलंय?"

"धरलंय!"

हातभर मागे. बर्फ खाली कडकडला. घर आरशात सरळ होतं.

"धरलंय ना?"

"धरलंय! घे मागे!"

आणखी दोन हात. पाणी चाकांवरून उतरू लागलं, ते तिला आवाजावरून कळलं. आणि आवाजावरूनच तिला दुसरंही एक कळलं. कॅरिअरला धरून तो ओढला जात असेल, तर त्याचा आवाज मघाइतकाच जवळून यायला हवा. तो लांब जात होता.

"बाबा?"

"धरलंय," असं आलं. खूप लांबून, वाऱ्यावरून.

पाय ब्रेककडे गेला होता. पण चाकं अजून पाण्यातच होती, आणि इथं थांबणं म्हणजे सगळंच घालवणं, हे तिला माहीत होतं. ती मागे घेत राहिली. मोठ्यानं रडत, शिव्या देत, बापाला, ऑर्लिनला, तलावाला आणि सगळ्यात जास्त स्वतःला शिव्या देत ती गाडी मागे घेत राहिली, कोरड्या पांढऱ्या बर्फापर्यंत. मग उतरून धावली.

दांडीवर हातमोजा अडकला होता. आत हात नव्हता.

तीस-पस्तीस फुटांवर काळं भगदाड होतं आणि त्याच्या कडेवर रेइनोचं डोकं आणि दोन कोपरं. गाडीचा भार उतरल्यावर कड वर आली होती, पाणी ओसरलं होतं, आणि त्यानं कशीबशी कोपरं टेकली होती. तो चढायचा प्रयत्न करत नव्हता. नुसता टेकला होता.

काइसा पालथी पडून सरपटत गेली. वाटेत पहार पडली होती, ती तिनं पुढे केली. रेइनोनं हात ठेवला, पण बोटं वळली नाहीत. पहार त्याच्या तळव्यावरून घरंगळली.

"नाही जमत," तो म्हणाला. आवाज झोपाळल्यासारखा झाला होता.

तिनं कॉलर धरून ओढलं. तो जागचा हलला नाही. ओल्या बर्फावरून तीच भगदाडाकडे घसरली. भिजलेल्या कपड्यांतला माणूस आणि तिच्या बुटांखाली काचेसारखा बर्फ. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा तिची हनुवटी पाण्याच्या कडेला आली. तिला समजलं की अशानं दोघंही जाणार.

"झोपू नकोस! आलेच! बाबा, शिव्या दे मला! मोठ्यानं दे!"

"गाढव," रेइनो म्हणाला.

"आणखी दे!"

गाडीपाशी येऊन तिनं ढिगाचे पट्टे सोडवले. सोडवले कसले, झटके मारून उपसले. पहिला निघाला तसा जनरेटर खाली कोसळला. दुसरा निघाला तशी शेगडी बर्फावर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. टाक्या गडगडत गेल्या. तिनं वळूनही पाहिलं नाही. तीन पट्टे आकड्यात आकडा घालून जोडले, एक टोक कॅरिअरच्या दांडीला अडकवलं आणि दुसरं घेऊन पुन्हा सरपटत गेली. रेइनोच्या काखांखालून पट्टा घालताना तिचे हात खांद्यापर्यंत पाण्यात गेले. थंडी नव्हतीच ती, हाडांत खिळे ठोकत होतं कुणीतरी. कडी लागेना. दातांनी ओढून लावली.

"या वेळी तुला काही धरायचं नाही," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "बांधलंय मी. कळलं?"

त्यानं मान हलवली असावी.

पुन्हा गाडी. पुन्हा रिव्हर्स. पण आता समोर ढीग नव्हता. रिकामं कॅरिअर, त्यावरून गेलेला पिवळा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला बापाचं डोकं, तिला काचेतून सगळं दिसत होतं, आणि पाहण्याची हिंमत होत नव्हती तरी तिनं डोळे हलवले नाहीत. पट्टा ताणला. रेइनोची मान मागे गेली. कड मोडली, एक तुकडा, दुसरा तुकडा, त्याची छाती वर आली, पुन्हा खाली गेली. "ये ना, ये ना, ये ना," काइसा म्हणत होती. मग कड टिकली. पोट वर आलं, मांड्या आल्या, आणि म्हातारा बर्फावरून सरळ गाडीकडे सरकत आला. हिवाळाभर यानं असेच मासे भोकातून वर ओढले होते. त्यांना कसं वाटतं ते त्यालाही कळलं.

तिनं त्याला गाडीत घातलं. कपडे कापून काढले, स्वतःचा कोट, घोंगडी, सीटवरचं कव्हर, जे हाताला लागलं ते गुंडाळलं. हीटर पुरता सोडला, खिडक्या चढवल्या. मग हॉर्नवर हात ठेवला आणि काठावर लाल छपराखालून कुणीतरी धावत बाहेर येईतो काढला नाही. ऑर्लिनच होता. त्यानं हात हलवला आणि स्नोमोबिलकडे पळाला. तड्याला वळसा घालून यायला त्याला वेळ लागणार होता.

थर्मासमध्ये सकाळी घरून निघताना आईनं दिलेली कॉफी होती. काइसानं ती झाकणात ओतून त्याच्या ओठांना लावली. निम्मी हनुवटीवरून गेली. रेइनो आता थरथरत होता, सीटसकट हलत होता. त्याचं थरथरणं चांगलं लक्षण आहे हे तिला माहीत होतं, तरी भीती काही जाईना.

समोर तुटकी शेगडी पडली होती. दांडीवर तो हातमोजा तसाच होता.

"पहिल्या वेळी," काइसा म्हणाली, "तू कॅरिअर धरलं नव्हतंस."

रेइनो काचेतून बाहेर पाहत राहिला.

"बोटं वळत नव्हती," तो म्हणाला. "मोजा अडकला होता. मी कधीच निसटलो होतो."

"कधी?"

"तू माझा हात धरलास, त्याच्या आधी."

"म्हणजे तुला दुसरं काही धरायलाच नव्हतं. मी धरलेलं तेवढंच होतं."

तिनं घोंगडी त्याच्या गळ्यापर्यंत ओढली.

"आणि मला सांगितलंस, जा म्हणून."

"चाकं पाण्यात होती, काइसा."

"गाडीतूनच तीनदा विचारलं मी! तीनदा खोटं बोललास!"

"एकदाच खरं बोललो असतो, तर तू उतरून आली असतीस. मग गाडी, तू, मी, सगळे एकाच भोकात." त्याचे दात कडकड वाजले. तो थांबला, पुन्हा म्हणाला, "तू हात सोडला नसतास."

तिनं त्याला मारलं. घोंगडीवरून, दंडावर, मूठ वळून, लहान पोर मारतं तसं. दोनदा मारलं आणि मग त्याच दंडावर डोकं टेकून रडली. मघाचं रडणं वेगळं होतं. हे थांबतच नव्हतं.

"भीती नाही वाटली का रे तुला?" तिनं विचारलं.



"तू समोर होतीस तोवर गाडीची वाटत होती," तो म्हणाला. "तू गेलीस तेव्हा..." त्यानं पुढचं वाक्य दोनदा सुरू केलं. "लांब जाताना दिसत होतीस. मला हाक मारायची होती. म्हणून धरलंय, धरलंय म्हणत राहिलो. दुसरं काही तोंडातून निघू नये म्हणून."

काइसानं घोंगडीत हात घालून त्याचा हात शोधला. तो अजून थंडगार होता आणि बोटं अर्धी वळलेली होती. तिनं तो आपल्या मुठीत घेतला.

ऑर्लिन आला तेव्हा त्याच्या स्नोमोबिलमागे लांब घसरगाडी होती, वर गादी आणि पट्टे. त्यानं दार उघडून आत पाहिलं, मग बर्फावरचा पसारा पाहिला, भगदाड पाहिलं, आणि जे बोलायला तोंड उघडलं होतं ते न बोलता मिटलं. दोघांनी मिळून रेइनोला उचलून गादीवर निजवलं. ऑर्लिननं त्याच्यावर दोन रजया टाकल्या आणि पट्टा ओढला.

"हात सोड त्याचा, काइसा," तो म्हणाला. "पट्टा आवळायचाय मला. तू माझ्या मागे बस."

ती हलली नाही.

"अगं, बर्फ वाट बघणार नाही. सोड हात."

"नाही," काइसा म्हणाली. ती घसरगाडीवर चढली, बापाच्या शेजारी, त्या अरुंद गादीवर कुशीवर पडली, आणि हात तसाच धरून म्हणाली, "आता आवळ."

ऑर्लिननं दोघांवरून मिळून एकच पट्टा घेतला आणि आवळला.